डावी सीट

पहिल्याच वळणावर सरांचा उजवा हात सुटला आणि बायकोच्या पोटाशी जाऊन हवेत काहीतरी पकडू लागला. तिथे पकडण्यासारखं काही नव्हतं. बायकोच्या मांडीवर पर्स होती, पर्सवर तिचे दोन्ही हात होते, त्यातला एक सरांच्या मुठीत आला आणि सरांनी तो जोर लावून डावीकडे फिरवायचा प्रयत्न केला. "अहो, मोडाल हात माझा!" बायको ओरडली. भाड्याची गाडी तोवर आपल्याच मनाने पदपथाकडे निघाली होती. मागच्या सीटवरून सून शांतपणे म्हणाली, "बाबा, स्टिअरिंग तुमच्यासमोर आहे." सरांनी समोर बघितलं. खरंच होतं. काळंभोर, गुळगुळीत, नवंकोरं चाक त्यांच्या पोटापुढे होतं आणि ते कोणीच धरलेलं नव्हतं. त्यांनी घाईघाईने ते धरलं, गाडी पदपथापासून वीतभर अंतरावरून पुन्हा रस्त्यावर आली, आणि पदपथावरचा एक छत्रीवाला माणूस काही न बोलता त्यांच्याकडे बघत राहिला. या देशात लोक ओरडत नाहीत, हे सरांच्या लक्षात आलं होतं. नुसते बघतात. त्यापेक्षा दोन शिव्या दिलेल्या बऱ्या, निदान आपण काय केलं ते तरी कळतं.

सरांचं सगळं आयुष्य डाव्या सीटवर गेलं होतं. तिकडे, घरी, चालवणारा उजवीकडे बसतो आणि शिकवणारा डावीकडे. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक बसवून घेतलेला असतो, ॲक्सिलरेटर मात्र नसतो. ही रचना ज्याने शोधून काढली त्याला शिक्षणाचं मर्म कळलेलं होतं, असं सर म्हणत. पुढे जाणं हे विद्यार्थ्याचं काम, थांबवणं हे गुरुजनांचं. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर, मागच्या बाजूला, लाल 'एल'च्या खाली त्यांनी स्वतः रचलेलं वाक्य रंगवलेलं होतं : शंका आली की ब्रेक. पोरं पाठीमागे त्यांना 'ब्रेकसर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. शिकाऊ माणसाला आठवडाभरात वाटायला लागतं की आपल्याला वेळेवर गाडी थांबवता येते. गाडी थांबलेली असते सरांच्या पायाने. पण हे त्याला सांगायचं नसतं. "व्वा, छान लावलास ब्रेक," असं म्हणायचं आणि खिडकीबाहेर बघायचं. आत्मविश्वास नावाची वस्तू अशीच तयार होते. गावातले निम्मे डॉक्टर, वकील, बँकवाले आणि त्यांच्या बायका सरांच्या पायाने थांबत थांबत लायसनपर्यंत पोचले होते, आणि रस्त्यात भेटले की काच खाली करून "नमस्कार सर" म्हणत होते. सर नमस्कार करत आणि त्यांचा उजवा पाय चपलेतल्या चपलेत जमिनीवर दाबला जाई.

इथे मात्र चालवणाराच डावीकडे बसतो. गाडी भाड्याने देणाऱ्यांच्या आवारात सर दार उघडून डावीकडे बसले तेव्हा त्यांना घरी आल्यासारखं वाटलं होतं. काल रात्रीपासून ते सुनेच्या त्या दोन खोल्यांच्या घरात होते, जिथे नळ कुठल्या बाजूला फिरवला की गरम पाणी येतं हेही समजत नव्हतं, तिथून उठून पहिल्यांदा ते ओळखीच्या जागी बसले होते. सीट जरा मागे, पाठ ताठ, उजव्या खांद्याशी शिकाऊ माणूस. शिकाऊ माणसाच्या जागी बायको बसली, तिने पट्टा लावला, आणि सर वाट बघायला लागले. शेजारच्या दोन गाड्या निघून गेल्या. मग बायको म्हणाली, "काय झालं? चालू होत नाहीये का?" तेव्हा सरांना कळलं की ते तिने गाडी चालू करण्याची वाट बघत होते.

त्याआधी, भाड्याच्या काउंटरवरची बाई प्रत्येक परदेशी गिऱ्हाइकाला बसवून दहा-पंधरा मिनिटं समजावून सांगत होती. सरांच्या आधीच्या जोडप्याला तिने नकाशा उलगडून, बोटाने रेघा मारून, हाताने गाड्या करून सगळं दाखवलं. सरांची पाळी आली तेव्हा सून दुभाषी म्हणून पुढे झाली. बाईने काहीतरी विचारलं. "किती वर्षं चालवता, विचारतेय," सून म्हणाली. "तिला म्हणावं, मी चालवायला शिकवतो," सर म्हणाले. सुनेने तसं सांगितलं. बाईचा चेहरा बदलला. तिने सरांकडे आदराने बघितलं, पुढ्यातला नकाशा घडी घालून बाजूला ठेवला आणि किल्ली दिली. आपल्या माणसांनी मानावं ते ठीक, पण परक्या मुलखातल्या बाईनेही मानावं, याचा सरांना थोडा अभिमान वाटला. नकाशावर ती काय सांगणार होती, हे विचारायचं राहून गेलं. सून त्या वेळी सरांकडे बघत नव्हती. ती काचेतून आवारातल्या गाड्यांकडे बघत होती, आणि तेही गाड्यांच्या तोंडाकडे नाही, मागच्या बाजूंकडे.

"तुम्ही शेवटची गाडी कधी चालवलीत हो?" बायकोने आता विचारलं. ती अजून मनगट चोळत होती.

"रोज."

"रोज तर ती पोरं चालवतात."

हा हिशेब आजवर कोणी मांडला नव्हता. सकाळी पहिला शिकाऊ घरी येई, तो गाडी बाहेर काढी आणि चालवत दुसऱ्याच्या घरी नेई. पहिला उतरून चालत परत जाई, दुसरा तिसऱ्याकडे. अशी दिवसभर गाडी या हातातून त्या हातात जात राही आणि संध्याकाळी शेवटचा शिकाऊ सरांना दारात सोडून, गाडी भिंतीला लावून, घाम पुसत निघून जाई. पेट्रोल भरायलासुद्धा पोरंच नेत, कारण पंपावरची अरुंद वाट हा शिक्षणाचाच भाग होता. उजव्या सीटवर सर शेवटचे केव्हा बसले होते, हे त्यांना खरंच आठवेना. आपण पोहायला शिकवतो आणि गेली कित्येक वर्षं काठावर कोरडे उभे आहोत, असं काहीसं डोक्यात आलं. ते त्यांनी झटकलं, कारण समोर सिग्नल होता. सिग्नल हिरवा होता. सरांचा डावा पाय सवयीने क्लचवर गेला. या गाडीला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडत होते आणि क्लचच्या जागेपर्यंत ब्रेकचं रुंद पेडल पसरलेलं होतं. डावा पाय त्या पेडलवर क्लचच्या जोराने बसला आणि तिघंही पुढे फेकली जाऊन पट्ट्यांत लटकली. हिरव्या सिग्नलवर, रस्त्याच्या मधोमध, गाडी उभी राहिली.

मागून कोणी हॉर्न दिला नाही. फक्त रबर घासल्याचा एक लांबलचक आवाज आला आणि थांबला.

बायकोने देवाचं नाव घेतलं. सरांनी आरशात बघितलं तेव्हा सुनेचा चेहरा दिसला नाही. तिच्या केसांची पिन दिसली. ती पट्ट्यातल्या पट्ट्यात पूर्ण वळून मागच्या काचेतून बाहेर बघत होती. मागच्या गाडीचं नाक काचेला चिकटल्यासारखं दिसत होतं. "डावा पाय मागे घ्या, बाबा," ती तशीच, पाठमोरी म्हणाली. "सीटखाली. त्याला इथे काम नसतं." "तुला कसं माहीत?" बायकोने विचारलं. "मला शिकवत होता ना हा," सून म्हणाली. 'हा' म्हणजे सरांचा मुलगा. सरांनी डावा पाय मागे घेतला. तो सीटखाली दुमडून बसला आणि शिक्षा झालेल्या पोरासारखा थरथरत राहिला.

आज हॉस्पिटलात डॉक्टर मुलाचे पाय बघणार होते. तेवढ्यासाठी ही सगळी यातायात होती. हॉस्पिटल शहराबाहेर, मोठ्या रस्त्यावर होतं. सून रोज दोन बस बदलून आणि पुढे मोकळ्या रस्त्याच्या कडेने चालत जात होती. सासूच्या गुडघ्यांना ते चालणं झेपणारं नव्हतं. अपघातात मुलाचे दोन्ही पाय कमरेपासून गेले होते. गेले म्हणजे होते, पण त्यांना कळत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पायाने स्वतःहून जरा जरी हालचाल दाखवली तर त्याला शेजारच्या इमारतीत हलवू. तिथे माणसांना पुन्हा चालायला शिकवतात. नाही दाखवली तर घरी न्या. घरी म्हणजे सुनेच्या त्या दोन खोल्यांत, खुर्चीवर. आज ठरणार होतं. "तुम्ही दोघं समोर असलात तर बरं," सून फोनवर म्हणाली होती, "त्याला हुरूप येईल." म्हणून विमानाची तिकिटं काढली, आणि सरांच्या परदेशी लायसनच्या कागदावर तिकडच्या कचेरीतल्या साहेबाने चहा पीत पीत सही केली. "सर, तुमची काय परीक्षा घ्यायची? आम्हीच तुमच्याकडे शिकलो." साहेबही सरांच्याच पायाने थांबलेला होता.

शहर मागे पडलं, इमारती बसक्या झाल्या, आणि रस्ता रुंद होत होत एकदम मोकळा झाला. आता वळणं नव्हती, सिग्नल नव्हते. सर अगदी उजवीकडच्या पट्टीत शिरले आणि तिथेच राहिले. त्यांच्या डावीकडून गाड्या जात होत्या, त्यांचा फक्त एक सुस्कारा ऐकू येई. इतक्या वेगात सर आजवर कधी गेले नव्हते. त्यांच्या शाळेत तिसऱ्या गिअरला 'पुढचं शिक्षण' म्हणत. तिकडचा वेग माणसाच्या आटोक्यातला होता: कोणीही केव्हाही थांबे, मागचा ठणाणा करी, थोडं बंपर घासे, दोघं उतरून एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करत आणि पुढच्या चौकात विसरून जात. तिथे थांबणं म्हणजे सुरक्षित असणं. थांबलेल्या माणसाला काही होत नाही, हे सरांनी इतक्या वर्षांत स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं होतं. हेच त्यांनी अपघातानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला टीपॉयवर काड्यापेट्या मांडून समजावून दिलं होतं. ही त्याची गाडी. हा मागचा ट्रक. ट्रकने अंतर ठेवलं नाही. मागून ठोकलं. जगाच्या पाठीवर कुठेही जा, मागून ठोकणाऱ्याचीच चूक. लोक माना डोलवत, चहा पीत, एखादा काड्यापेटी उचलून सिगारेट पेटवी आणि सर ती त्याच्याकडून मागून घेऊन पुन्हा जागेवर ठेवत. मुलाची चूक नव्हती, यात त्यांना एवढा आधार का वाटत होता, हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. फोनवर ते सुनेलाही म्हणत, "त्याची चूक नाही गं." पलीकडून जरा वेळाने, दुसऱ्या खोलीतून यावा तसा आवाज येई, "हो बाबा."

"अगं, नीट बस ना," बायको मागे वळून म्हणाली. "मान धरेल तुझी."

"ठीक आहे, आई."

"अहो, सांगा ना तिला. तुम्हाला तरी आरशातून काही दिसतंय का?"

सरांना दिसत नव्हतं. आरसाभर सुनेचे केस होते. मागचा रस्ता तिच्या डोक्यामागे होता आणि ती तो त्यांच्याऐवजी बघत होती. हजारदा त्यांनी शिकाऊंना सांगितलं असेल, आरसा मोकळा हवा, मागे बाहुली नको, उशी नको. पण सुनेला काही सांगायला त्यांची जीभ उचलेना. तिच्या त्या पाठमोऱ्या बसण्यात एक प्रकारची सावधगिरी होती, पहाऱ्यावरच्या माणसासारखी, आणि ती सावधगिरी कुठून आली असेल याचा विचार करण्यापेक्षा समोर बघितलेलं बरं. अपघाताच्या दिवशी तीही गाडीत होती. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं म्हणे. लोक म्हणाले, नशीब. बायको म्हणाली होती, "हिला काहीच कसं झालं नाही?" आणि मग स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटून स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत बसली होती. आणि अपघात कसा झाला याबद्दल सरांनी सुनेला एकही प्रश्न विचारला नव्हता. जो माणूस किरकोळ पोचा बघून उतरून चौकशी करी, त्याने आपल्या मुलाच्या गाडीबद्दल काही विचारलं नव्हतं. काड्यापेट्यांत भागलं होतं.

मुलाला त्यांनीच शिकवलं. कॉलेजला जायला लागला त्या वर्षी, शाळेच्याच गाडीत, तो उजवीकडे, सर डावीकडे. एकदा नदीच्या पुलावर वाऱ्याने एक प्लॅस्टिकची पिशवी गाडीपुढे आली आणि सरांनी करकचून ब्रेक लावला. मागचा स्कूटरवाला शिव्या देत बाजूने गेला. मुलगा म्हणाला, "बाबा, पिशवी होती." सर म्हणाले, "तुला काय माहीत पिशवी होती?" "दिसत होती की." "आत काही असतं तर? मांजराचं पिल्लू असतं तर? तुला आरपार दिसतं का?" मुलगा हसला. "तुम्ही चालवू द्याल तेव्हा दिसेल ना." तेव्हा सरांनी गाडी तिथेच, पुलावर, बाजूला घ्यायला लावली आणि मागे वाहनांची रांग लागलेली असताना त्याच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. आधी थांबायचं. मग बघायचं काय आहे ते. शंका आली की ब्रेक. पुढे तो या देशात आला, इथे गाडी घेतली, आणि ते दोघांचं फोन ठेवायचं वाक्यच होऊन बसलं. बायको आधी बोले, जेवण, झोप, थंडी सगळं होई, मग फोन सरांकडे येई. बापलेकांना बोलायला काही नसे. दोघंही जरा घसा खाकरत. मग सर विचारत, "शंका आली की?" तिकडून मुलगा म्हणे, "ब्रेक, बाबा. ठेवतो."

ते खोकं सरांना फार लांबून दिसलं. निदान नंतर त्यांना तसं वाटलं. प्रत्यक्षात ते आधी एक ठिपका होतं, मग लगेचच एक वस्तू झालं. पुठ्ठ्याचं मोठं खोकं, एक कड वर आलेलं, बरोबर त्यांच्या पट्टीत आडवं. वाऱ्याने त्याचं झाकण हलत होतं. किंवा आतून कोणीतरी हलवत होतं. सरांचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला आणि ब्रेकच्या वर आला. त्यांना काही ठरवावं लागलं नाही. तो पाय त्यांच्या आधीपासून शिकलेला होता. सीटखाली दुमडलेला डावाही जागा होऊन पुढे सरकला. डाव्या बाजूने एकामागोमाग एक सुस्कारे जात होते, तिकडे जायला जागा नव्हती. उजवीकडे लोखंडी कठडा.

"मागे ट्रक आहे, बाबा."

तिचा आवाज वर चढला नव्हता. बाजारात कोणी पैसे मोजताना शेजाऱ्याला काही सांगावं तसा, कानाशी आला.

"दाबू नका. जवळ आहे. दाबू नका, बाबा. जाऊ द्या वरून."

"अहो, काहीतरी आहे पुढे! अहो, थांबा!" बायको.

सरांचा पाय हवेत होता. ब्रेक त्याच्याखाली बोटभर अंतरावर होता आणि पायाचा सगळा भार, इतक्या वर्षांचा, त्या बोटभर जागेवर लोंबत होता. पोटरीत पेटका आला. आत काही असतं तर? खोकं मोठं झालं, काचेइतकं झालं, त्यावरची अक्षरं दिसली, एक बाण दिसला, ही बाजू वर ठेवा म्हणणारा, आणि मग ते गाडीखाली गेलं. फट्. मग खरखर, तळाला काहीतरी घासत गेल्याची. मग काही नाही. मागोमाग एका प्रचंड ट्रकने डावीकडे सरकून, लांब भोंगा वाजवत, त्यांना ओलांडलं. त्याच्या वाऱ्याने गाडी कठड्याकडे ढकलली गेली. ट्रकची बाजू किती वेळ खिडकीतून जातच राहिली.

सून सरळ बसली. पहिल्यांदाच. आरशात एकदम मोकळा रस्ता आला, त्यावर पुठ्ठ्याचे चपटे तुकडे उडत होते.

"काय होतं हो?" बायकोचा आवाज फाटला होता.

"खोकं."

"रिकामं होतं?"

"रिकामंच."

"तुम्हाला काय माहीत?"

सरांच्या पायाला आलेला पेटका मांडीपर्यंत चढला होता आणि ते त्याच पायाने गाडी चालवत होते. आपण सगळे जिवंत आहोत, हे त्यांना कळत होतं. आजवर जे शिकवलं त्यातलं काहीही न केल्यामुळे आपण जिवंत आहोत, हेही कळत होतं, आणि पहिल्या गोष्टीचा आनंद दुसऱ्या गोष्टीच्या खाली कुठेतरी चिरडून पडला होता. काड्यापेट्या पुन्हा टीपॉयवर आल्या. ही त्याची गाडी. हा ट्रक. सर ट्रक मागून पुढे सरकवत होते आणि दर वेळी पुढची पेटी आधीच थांबलेली असायची. ती का थांबलेली आहे, हे त्यांना आलेल्यांपैकी कोणीच विचारलं नव्हतं. सभ्य माणसं होती सगळी. सगळी त्यांचीच विद्यार्थी.

हॉस्पिटलच्या आवारात गाडी दोन पांढऱ्या रेघांमध्ये नीट उभी राहिली. बायको आधी उतरली, "मला आधी बाथरूम कुठे ते बघू दे," म्हणून गुडघे धरत दाराकडे निघाली. सुनेने पट्टा काढला, पण ती उतरली नाही. सरही बसून राहिले. इंजिन बंद होऊनही कुठेतरी टिकटिक होत होती.

"त्या दिवशी काय होतं गं रस्त्यावर?"

"राहू द्या ना, बाबा."

"नाही, काय होतं?"

"काही नव्हतं."

"काही नसताना तो थांबला?"

सून जरा वेळ नखाने पट्ट्याची कड खरवडत राहिली. "पिशवी होती," ती म्हणाली. "काळी. प्लॅस्टिकची. उडत आली."

सरांनी किल्ली काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली.

"मी म्हणत होते, अरे, पिशवी आहे. पण त्याने लावला. लगेच. अगदी छान लावला, बाबा, पूर्ण." तिने पट्टा हातातून सोडला. "त्याला आठवत नाही त्यातलं काही. मी सांगितलेलं नाहीये. आईंनाही नाही."

"मला सांगायचं ना."

"काय सांगायचं?" सून म्हणाली. तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. "तुम्ही रोज फोनवर म्हणत होतात, मागच्याची चूक. मला वाटलं, तुम्हाला तेवढं तरी असू द्यावं."

दारातून बायको हात हलवत होती. "या ना! काय कुजबुजताय तिथे बसून?"

मुलाचं डोकं एका बाजूने भादरलेलं होतं आणि गाल आत गेले होते. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, केस नसलेल्या बाजूने पुन्हा पुन्हा फिरवला, जणू तिथे केस उगवेपर्यंत थांबणार नव्हती. "कसे आलात?" त्याने विचारलं. आवाज घोगरा होता. "गाडीने," आई म्हणाली, "यांनी चालवली." मुलाने सरांकडे बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी जुनं, खोडकर चमकलं. म्हणजे त्याला माहीत होतं. लहानपणापासून दारात गाडी लावून जाणारी पोरं तो बघत आला होता.

"बाबांनी? कुठल्या सीटवरून?"

"डाव्या," सर म्हणाले.

"मग ठीक आहे." तो हसला आणि हसताना त्याला दुखलं.

फिजिओवाली आली. जाड मनगटांची, भराभर बोलणारी बाई. मागे डॉक्टर, हातात काही नसलेला, नुसता बघायला आलेला. पांघरूण दूर झालं. मुलाचे पाय चादरीवर शेजारी शेजारी पडले होते, दुसऱ्या कोणाचे आणून ठेवल्यासारखे. बाईने उजव्या पायाच्या तळव्याला हात लावून मुलाला काही सांगितलं. मुलाने डोळे मिटले, कपाळावर शीर आली, पाय तसाच. पुन्हा. पुन्हा तसाच. डॉक्टरने खिडकीकडे बघितलं. मग बाई वळून सुनेशी काहीतरी बोलली आणि सून ऐकताना जरा अडखळली.

"ती म्हणतेय, वडील ड्रायव्हिंग शिकवतात ना. तर तुम्ही धरा तळवा. आणि त्याला सांगा…" ती थांबली. बाईने तिला पुढे बोल म्हणून खूण केली. "गाडी चालवतोयस असं समज, म्हणावं. आणि ब्रेक दाब. शरीराला जुन्या सवयी आठवतात, म्हणतेय."

"हो, हो, सांगा ना!" बायकोने त्यांना दंडाला धरून पुढे केलं. "तुमचंच ऐकेल तो."

सर खुर्चीच्या काठावर बसले. त्यांनी उजव्या हाताचा पंजा मुलाच्या तळव्याला लावला. तळवा गार आणि मऊ होता, चाललेला नसल्यासारखा. सगळे त्यांच्याकडे बघत होते. शेजारची इमारत खिडकीतून दिसत होती, तिच्या पायऱ्यांवर एक माणूस कठडा धरून एक पाय खालच्या पायरीवर ठेवायचा प्रयत्न करत होता. सरांनी तोंड उघडलं. उभ्या आयुष्यात जो शब्द त्यांनी दिवसातून शंभरदा उच्चारला होता, तो निघेना. त्यांच्या कानात त्या पुलावर उभी असलेली वाहनं मागे हॉर्न वाजवत होती. सुनेने मान फिरवली. ती दाराकडे, मागे, बघत उभी राहिली.

"बाबा?" मुलगा डोळे मिटूनच म्हणाला. "विचारा की."

"शंका आली की?" सरांनी विचारलं.

"ब्रेक," मुलगा म्हणाला.

आणि सरांच्या पंजाला काहीतरी लागलं. फार पुसट. पहिल्या दिवशीचा शिकाऊ घाबरत घाबरत टेकवतो तसं. डॉक्टर वाकला. बाईने घाईघाईने काही विचारलं. "लागलं का, विचारतायत," सून दाराकडे बघतच म्हणाली, "बाबा, हाताला लागलं का? त्यांना दिसलं नाही नीट." बायकोने दोन्ही हात तोंडावर धरले होते. मुलगा डोळे उघडून वडिलांकडे बघत होता. कौतुक होणार की बोलणी बसणार, हे न कळलेल्या पोराचे असतात तसे डोळे.

सरांनी खाली बघितलं. खुर्चीखाली त्यांचा स्वतःचा उजवा पाय फरशीवर टाचेपासून चवड्यापर्यंत दाबलेला होता, सगळ्या जोराने, मांडी थरथरेपर्यंत, आणि तिथून ती थरथर वर चढत खांद्यात आणि खांद्यातून पंजात येत होती.

"व्वा," सर म्हणाले. "छान लावलास."

आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.